जुळवलेली बेरीज

कांचनचा फोन आला तेव्हा भूपाल मगदूम एकट्यापुरता चहा गाळत होता. सकाळचे साडेसात झाले होते. शैला जाऊन सव्वा वर्ष झालं, पण एका कपाचं माप त्याला अजून साधलं नव्हतं. रोज थोडा जास्त व्हायचा आणि मोरीत ओतावा लागायचा.

"दाजी, उठलाय ना?"

"बोल."

"कालपासून तोंडाला पितळेची चव येतीय. पाय तर असे जड झालेत, जिन्यात मधेच बसावं लागलं. पट्टा बघितला तर हिरवा दिवा. सगळं ठीक म्हणतोय. म्हटलं तुम्हाला विचारावं. तुमच्याच ऑफिसातून येतं ना त्यातलं?"

कांचन शैलाची धाकटी बहीण. जयसिंगपूरला तिचा लग्नपत्रिकांचा छापखाना होता. दोघी बहिणींना वडिलांकडून एकच आजार आला होता. मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होतात, वाढत जातात आणि चाळिशीनंतर मूत्रपिंड काम सोडतं. हा आजार पुढे जायला नको म्हणून कांचनने लग्नच केलं नव्हतं. तिला आता जवळचं माणूस म्हणजे हे दाजी.

शेवटच्या आठवड्यात शैलाही हेच म्हणाली होती. पितळेची चव. तेव्हा भूपालने वाकून तिच्या कमरेच्या पट्ट्याकडे बघितलं होतं. दिवा हिरवा होता. "ठीक आहे सगळं, झोप," असं तो म्हणाला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, अशा पेशंटमध्ये होतं.

"दाजी? आहात ना?"

"पट्ट्याच्या पडद्यावर खाली बारीक अक्षरात पॅकेजचा नंबर असतो. वाच."

"थांबा, चष्मा घेते. आठ, शून्य, चार, सतरा. परत वाचू? आमच्या धंद्यात दोनदा वाचतात."

"नको. आत्ता रिक्षा कर आणि हॉस्पिटलात जा. रक्तातलं पोटॅशियम तपासा म्हणून सांग. पट्टा हिरवा आहे, काही नाही झालं, असं म्हणतील. ऐकू नकोस."

"अहो, अकराला गिऱ्हाईक येणार आहे. नवऱ्या मुलाच्या आजोबांचं नाव चुकलंय, पाचशे पत्रिका..."

"पाचशे पत्रिका गेल्या खड्ड्यात. नीघ तू."

चहा तसाच ठेवून भूपाल ऑफिसला निघाला.

पट्टा म्हणजे कमरेला बांधायचं कृत्रिम मूत्रपिंड. सहा वर्षांपूर्वी तो आला आणि आठवड्यातून तीन वेळा हॉस्पिटलात जाऊन चार-चार तास मशीनला जोडून घेणं संपलं. पट्ट्यात केसाएवढ्या नळ्यांतून रक्त फिरतं. रक्तातली घाण एका पाण्यात उतरते आणि ते पाणी पावडरच्या डबीतून जाऊन परत स्वच्छ होतं. पावडर पोटॅशियम धरून ठेवते. ती भरत आली की डबी बदलायची. पण भरत आली हे माणसाला बाहेरून कळत नाही, ते पट्ट्यातलं सॉफ्टवेअर ठरवतं. पावडरच्या प्रत्येक घाण्याचा गुण थोडा वेगळा असतो. म्हणून प्रत्येक घाण्याबरोबर पावडरची कंपनी एक तक्ता पाठवते, कुठल्या वेळी किती पोटॅशियम धरलं जाईल याचा. तक्ता चुकला तर भरलेली डबी पट्ट्याला रिकामी वाटते. पोटॅशियम रक्तात साठत राहतं, आणि एका मर्यादेपलीकडे ते हृदय थांबवतं.

हे तक्ते कंपनीकडून घ्यायचे, त्यांचं पॅकेज बांधायचं आणि पट्ट्यांवर पाठवायचं, हे काम मिरजेतल्या नऊ माणसांच्या एका ऑफिसात चालायचं. मार्केट यार्डाच्या मागे, पूर्वी जिथे बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज होतं त्या इमारतीत. पट्ट्यांचीच नाहीत, सलाइनचे पंप आणि श्वासाची यंत्रं यांची पॅकेजंसुद्धा तिथूनच जायची. भूपाल तिथे चौदा वर्षं होता. सगळे त्याला अण्णा म्हणायचे.

पण आता पॅकेजं तो बांधत नव्हता. शैला गेल्यावर तो दोन महिने रजेवर होता. तेवढ्यात ऑफिसने त्याच्या तोवरच्या सगळ्या नोंदी एका यंत्राला शिकवल्या आणि काम त्या यंत्राकडेच दिलं. यंत्राचं नाव पोरांनी ठेवलं अण्णा-दोन. भूपाल परत आला त्या दिवशी कुणीतरी म्हणालं होतं, "अण्णा, तुमच्यापेक्षा अण्णा-दोन बरा. चहाला जात नाही, रजा मागत नाही." तोही हसला होता.

त्याने आठ-शून्य-चार-सतराची नोंद उघडली. चार दिवसांपूर्वीची होती.

"उतरवलेल्या फाइलची बेरीज नोंदीतल्या बेरजेशी जुळली नाही. मूळ ठिकाणी फाइल बदललेली दिसते. नोंद अद्ययावत केली. पॅकेज पुढे पाठवले."

भूपालने ते दोनदा वाचलं. शब्द त्याचे होते. "बदललेली दिसते" हे तर खास त्याचं. कुणी काही बघितलेलं नसताना "दिसते" लिहायची सवय त्याचीच. आपला न धुतलेला बनियन दुसऱ्याच्या अंगावर बघावा, तसं त्याला झालं.

बेरीज म्हणजे चेकसम. ऑफिसात सगळे त्याला बेरीजच म्हणायचे. फाइल केवढीही असो, ती एका ठरलेल्या गणितातून काढली की चौसष्ट अक्षरांचा एक आकडा मिळतो. फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी आकडा सगळाच्या सगळा बदलतो. फाइल एका वाटेने येते, तिचा आकडा दुसऱ्या वाटेने. आपल्याकडे आलेल्या फाइलचा आकडा आपण काढायचा आणि कंपनीच्या आकड्याशेजारी ठेवायचा. सारखे असले तर माल तोच. नसले तर थांबायचं आणि कंपनीला फोन करायचा. शेल स्क्रिप्टमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला ओळीने द्यायच्या हुकमांच्या यादीत, हे काम दोन ओळींचं असतं. लहान मुलालाही जमेल. फक्त थांबायची तयारी पाहिजे.

पहिली तीन वर्षं भूपाल थांबायचा. फोन करायचा. शंभरातल्या पंच्याण्णव वेळा पलीकडचा माणूस म्हणायचा, "हो, आम्हीच कालच्या फाइलमधली एक स्पेलिंगची चूक सुधारली, कळवायचं राहिलं." एका फोनला कधी तास जायचा, कधी दिवस. मग शैलाचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातले तीन दिवस चारच्या ठोक्याला निघावंच लागायचं. तेव्हा त्याने पाच ओळींची एक स्क्रिप्ट लिहिली. नाव ठेवलं "जुळव". बेरीज जुळली नाही की ही स्क्रिप्ट आलेल्या फाइलचीच बेरीज काढायची, नोंदीतली जुनी बेरीज खोडायची आणि ही नवी तिथे लिहायची. मग परत तपासणी चालवायची. तपासणी अर्थातच पास व्हायची. पोतं जेवढं भरलं तेवढंच वजन पावतीवर लिहायचं, आणि पावतीप्रमाणे माल पोचला म्हणायचं, त्यातला प्रकार.

सगळ्यांना जुळव फार आवडली. दुसऱ्या ऑफिसांनी मागून नेली. अण्णांची जुळव म्हणून ती चालत राहिली.

नोंदीत वेळा होत्या. बेरीज जुळली नाही, अकरा वाजून दोन मिनिटं. नोंद बदलली, अकरा वाजून अकरा मिनिटं. भूपालने यंत्राला विचारलं, "मधली नऊ मिनिटं काय केलंस?"

पडद्यावर उत्तर आलं. "थांबलो."

"कशासाठी?"

"बेरीज जुळली नाही तर ती बदलण्याआधी सरासरी नऊ मिनिटं थांबायची पद्धत आहे."

"कुणाची पद्धत?"

"तुमची, अण्णा."

भूपाल खुर्चीत मागे टेकला. जुळव चालवायच्या आधी तो कोपऱ्यावरच्या गाड्यावर चहाला जायचा. लगेच बदललं तर नोंदीत बरं दिसत नाही, थोडा वेळ गेलेला असला की तपासल्यासारखं वाटतं, हे त्याला माहीत होतं. यंत्राला चहा प्यायचा नव्हता. पण ते बिचारं प्रामाणिकपणे नऊ मिनिटं काहीही न करता थांबत होतं.

"तेरा महिन्यांत किती वेळा जुळली नाही?"

"एक हजार आठशे बेचाळीस वेळा."

"किती पॅकेजं थांबवलीस?"

"शून्य."

त्याला यंत्राचा राग येईना. माकडाने नक्कल केली तर माकडाला काय बोलणार.

कंपनीचा खरा आकडा लगेच कुठे मिळेल? फोनवर दिवस गेला असता. संगणकावरच्या सगळ्या नोंदी जुळवने पुसल्या होत्या. मग त्याला गुलाबी चिठ्ठ्या आठवल्या. नियमाप्रमाणे पावडरच्या प्रत्येक घाण्याचं एक नमुना खोकं ऑफिसात यायचं आणि त्यात छापलेली एक चिठ्ठी असायची. तिच्यावर बेरीज. दुसरी वाट म्हणतात ती हीच. भूपाल तळमजल्यावर गेला. तिथे सलीम नदाफ गोदाम सांभाळायचा.

"अण्णा! आज हिकडं कुठं वाट चुकला?"

"नदाफ, नमुन्याच्या खोक्यातल्या गुलाबी चिठ्ठ्या कुठे टाकतोस?"

"टाकत न्हाई. कागद टाकवत न्हाई मला. तारंला टोचतो." नदाफने भिंतीकडे बोट केलं. दुकानात बिलं टोचतात तसली एक आकड्याची तार खिळ्याला लटकत होती. तिच्यावर चिठ्ठ्यांचा वीतभर गठ्ठा होता. "दिवाळीला तार भरली की बंबात घालतो. ही गेल्या दिवाळीपास्नं."

"कुणी बघायला येतं का ह्या?"

"तुमच्याआधी? एकदा उंदीर आलता."

वरून चौथी चिठ्ठी आठ-शून्य-चार-सतराची होती. तारेने मधली दोन अक्षरं खाल्ली होती. भूपालने स्वतःच्या हाताने फाइलची बेरीज काढून कागदावर आणली होती. तो म्हणाला, "तू चिठ्ठी वाच, मी इथे बघतो."

"सात," नदाफ म्हणाला.

भूपालच्या कागदावर पहिलं अक्षर दोन होतं.

"पुढं वाचू का?"

"वाच."

पुढे वाचायची गरज नव्हती, पण भूपालने त्याच्याकडून बासष्टच्या बासष्ट अक्षरं वाचून घेतली. वाचून झाल्यावर नदाफ चिठ्ठीकडे बघत राहिला.

"मंजी, ह्या कामाच्या हुत्या?"

"हो."

"मग मला कुणी सांगितलं का न्हाई?"

भूपालने चिठ्ठी खिशात घातली आणि वर गेला. फाइल उघडून ओळी मोजल्या. चार हजार शहाण्णव असायला हव्यात, दोन हजार नऊशे होत्या. फाइल उतरवताना लाइन तुटली होती. कुणी घातपात केला नव्हता, काही नाही. साधा तक्ता असल्यामुळे अर्धा आला तरी उघडत होता. हरवलेल्या ओळींमध्ये डबी भरत आल्यानंतरचे आकडे होते. ओळ सापडली नाही की पट्टा धोका नाही असं समजायचा आणि हिरवा दिवा लावायचा.

तेजस्विनी आवटी ऑफिसची प्रमुख होती. वयाने भूपालला मुलगी शोभेल एवढी. तिने सगळं ऐकून घेतलं, उठून दार लावलं आणि त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला.

"किती पट्ट्यांवर गेलंय?"

"सहा हजार दोनशे चौदा. चार दिवस झाले."

"ठीक आहे. घाबरायचं नाही. नवीन फाइल उतरवू, दुपारपर्यंत नीट पॅकेज पाठवू. नोंदीत लिहू, सुधारित आवृत्ती. विषय संपला."

"मॅडम, पॅकेज पट्टा घेतो तो चार्जिंगला लावल्यावर. कुणी आज लावेल, कुणी परवा. तोवर डबी भरलेली आणि दिवा हिरवा. थांबवायचा हुकूम सोडायला पाहिजे, आत्ता."

थांबवायचा हुकूम वेगळ्या लहरींवरून जायचा. पट्टा चार्जिंगला नसला तरी तो लगेच पोचायचा. पट्टा बंद पडून ओरडायला लागायचा, आणि बांधलेल्या माणसाने दोन दिवसांच्या आत जवळच्या डायलिसिस केंद्रावर पोचायचं असायचं. तो सोडायचा अधिकार भूपालला होता, पण असा हुकूम आजवर एकदाही सुटला नव्हता.

"सहा हजार माणसं एकदम केंद्रांवर?" आवटी म्हणाली. "खाटा आहेत का तेवढ्या? धावपळीत चार जण दगावतील. त्यांचं कोण बघणार?"

"त्यांच्या हातात दोन दिवस तरी असतील. हिरव्या दिव्यावर झोपलेल्या माणसाच्या हातात काहीच नसतं."

"आणि हुकमाच्या फॉर्मवर कारण काय लिहिणार?"

"खरं तेच. बेरीज तपासली नव्हती. याच पॅकेजची नाही, कुठल्याच नाही. अकरा वर्षं."

आवटी एकदम खुर्चीतून पुढे सरकली. "अण्णा, अकरा वर्षं कशाला? एकाचं लिहा. एकाचंच झालंय ना? बाकीचं कुणी विचारलंय का?"

"अण्णा-दोन रोज तेच करतोय. पंपांचं, श्वासाच्या यंत्रांचं."

"ते आपण आपल्यात बघू. हळूहळू." मग तिचा आवाज बदलला. "जुळव कुणी लिहिली हे सगळ्यांना माहितीय. बोट कुणाकडे येईल? मी तुमच्या भल्याचं सांगते. तुम्ही चारला निघायचात, कधी कुणी हटकलं? मावशी गेल्या तेव्हा सगळं ऑफिस तुमच्या दारात उभं होतं. त्याची ही फेड?"

मावशी म्हणजे शैला. आवटीने तिला दोनदा बघितलं होतं, त्यातलं एकदा तिरडीवर. तिच्या तोंडी ते नाव ऐकून भूपालला शिसारी आली. आणि त्याहून जास्त स्वतःची आली, कारण तिचं बोलणं त्याला पटत चाललं होतं. एका पॅकेजचं लिहिलं असतं तर मागचं कुणी उकरणार नव्हतं. सव्वा वर्षापूर्वीचं एक पॅकेज, त्याने स्वतः बांधलेलं, तेही कुणी उकरलं नसतं. शैलाच्या पट्ट्यावरचं शेवटचं.

फोन वाजला. कांचन होती. आवाज ओढलेला होता.

"दाजी, सात पूर्णांक एक आलंय. डॉक्टर म्हणतात एवढं आलं तर माणूस उभा राहत नाही. मी तर चालत आले. म्हणतात पट्टा हिरवा आहे तर रिपोर्टच चुकला असेल, परत रक्त घेतो."

"कांचन, फोन डॉक्टरकडे दे." फोन पलीकडे गेल्याची चाहूल लागली. "डॉक्टर, पट्टा खोटं बोलतोय. त्यातला तक्ता आमच्याकडून जातो, मला माहीत आहे. रक्त परत घेत बसू नका. तिला मशीनला लावा."

"आपण कोण?"

"ज्यानं हे केलं तो," भूपाल म्हणाला आणि फोन ठेवला.

आवटीच्या समोर बसूनच त्याने फॉर्म भरला. कारणाच्या रकान्यात लिहिलं: "बेरीज जुळली नाही तेव्हा आम्ही फाइल तपासली नाही, बेरीज बदलली. हे पॅकेज धरून अकरा वर्षांतलं एकही पॅकेज तपासलेलं आहे असं समजू नये." खाली स्वतःचं नाव घातलं. आवटी म्हणाली, "अण्णा, एकदा विचार करा हो." त्याने हुकूम सोडला.

हुकूम सुटायच्या आधीच्या चार दिवसांत तिघं गेली होती. विट्याची एक बाई, शिराळ्याचा एक निवृत्त कंडक्टर आणि मंगळवेढ्याकडची एकवीस वर्षांची मुलगी. तिघांच्याही कागदावर हृदय थांबलं असं लिहिलं होतं. पुढच्या दोन दिवसांत केंद्रांवर तुफान गर्दी झाली, लोक व्हरांड्यात चटया टाकून बसले. गर्दीत कुणी दगावलं नाही, असं पत्रक निघालं. भूपालचा आता पत्रकांवर भरवसा नव्हता. त्याने केंद्रांना एकेक फोन करून विचारलं. खरंच कुणी गेलं नव्हतं.

त्याला वाटलं होतं, आता आपल्याला काढतील, पोलीस येतील, काहीतरी होईल. चौथ्या दिवशी पुण्याहून मोठे साहेब आले आणि त्यांनी त्याला शाल आणि नारळ दिला. "जागरूक कर्मचारी" असं म्हणाले. टाळ्या झाल्या. फॉर्मवरच्या वाक्याचा विषय कुणी काढला नाही. चौकशी समिती आली. तिने अकरा वर्षांच्या नोंदी मागवल्या, प्रत्येक फाइल तिच्या बेरजेशी ताडली आणि दोन दिवसांत अहवाल दिला, की एक अपवाद वगळता सर्व नोंदी परस्परांशी जुळतात. भूपालने समितीच्या माणसाला व्हरांड्यात गाठून सांगितलं, "साहेब, जुळणारच. बेरीज त्याच फाइलवरून काढलीय." माणूस म्हणाला, "हो, तेच आम्ही लिहिलंय," आणि गाडीत बसला.

अण्णा-दोनमध्येही सुधारणा झाली. आता तो नऊऐवजी पंधरा मिनिटं थांबायचा, आणि पॅकेज पाठवण्याआधी नोंदीत एक शब्द जास्त लिहायचा: "तपासले."

"अण्णा-तीन घ्यायचं चाललंय," आवटी म्हणाली. "त्याला तुम्हीच शिकवायचं. तुमच्याएवढं कुणाला कळतंय यातलं?"

भूपालने शाल आणि नारळ तिच्या टेबलावर ठेवला, खाली राजीनाम्याचा कागद ठेवला आणि बाहेर आला. रस्त्यावर त्याला उलटी झाली. पानवाल्याने पाणी दिलं आणि म्हणाला, "पित्त का अण्णा?" तो हो म्हणाला.

आठव्या दिवशी दुपारी तो नेहमीसारखा कांचनसाठी मुगाची खिचडी घेऊन हॉस्पिटलात गेला. आठही दिवस तो डबा करून आणत होता, मीठ न घालता. ती मशीनला जोडलेली होती. चेहऱ्यावर रंग आला होता. तिने त्याचा हात धरला.

"डॉक्टर म्हणाले, त्या दिवशी दुपारपर्यंत थांबले असते तर मी आज नसते. तुम्ही होता म्हणून हो दाजी."

"असं म्हणू नकोस."

"का नाही म्हणायचं? सगळे म्हणतायत. पेपरात आलंय तुमचं नाव." ती त्याच्याकडे वळली. "एक विचारू? ताईलाही तसंच झालं होतं. पितळेची चव. मला फोनवर म्हणाली होती. मी इथे पडल्या पडल्या तेच आठवतेय. तिच्या वेळचं तुम्ही बघितलंत का? तिचं पॅकेज नीट होतं ना?"

भूपालने सकाळीच ते बघितलं होतं. राजीनामा द्यायच्या आधी ऑफिसात बसून त्याने शेवटचं काम तेवढंच केलं होतं.

"जुळतंय," तो म्हणाला.

कांचनने सुस्कारा सोडला. "मग झालं तर. माझ्या डोक्यात नाही नाही ते..."

"कांचन, जुळणारच. ते मी जुळवलेलं आहे. त्या दिवशी बेरीज चुकली होती. नोंदीत आहे तसं. कंपनीनं स्पेलिंगची चूक सुधारली म्हणून चुकली, का फाइल अर्धी आली म्हणून चुकली, ते मी बघितलं नाही. चहाला गेलो, येऊन जुळव चालवली आणि चारला निघालो. तिच्याकडेच निघालो होतो. कंपनीचा त्या वेळचा आकडा आता कुठेच नाही. चिठ्ठी गोदामात होती, ती बंबात गेली. मूळ फाइल कंपनीनेही ठेवलेली नाही, आणि तेव्हा तक्त्याच्या ओळी ठरलेल्या नसायच्या, म्हणून मोजूनही कळत नाही. आता कुणालाच कळायचं नाही."

मशीन चालू होतं. नळीतून कांचनचं रक्त जात होतं आणि येत होतं. पलीकडच्या खाटेवरच्या बाईने कूस बदलली. कांचन त्याच्याकडे बघत होती. आधी तिला समजलं नव्हतं, मग समजलं. भूपालला ते तिच्या डोळ्यांत दिसलं.

"ती तुम्हाला म्हणाली होती ना, तोंडाला चव येतीय?"

"म्हणाली होती."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"ठीक आहे सगळं, झोप."

कांचनने त्याच्या हातातून आपला हात काढून घेतला आणि चादरीला पुसला. आधी तळवा, मग मागची बाजू, मग बोटांच्या मधे. घाई न करता. भूपाल बघत राहिला. त्याला तिचा राग आला नाही. एवढ्या दिवसांत शाल झाली, टाळ्या झाल्या, अहवाल झाला. ज्याच्या त्याच्या तोंडी त्याचं कौतुक होतं. बरोबर वागणारं माणूस हे पहिलं भेटलं होतं.

"दाजी," ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "उद्यापासून डबा आणू नका. मला खाववणार नाही."

"बरं," भूपाल म्हणाला, आणि डबा उचलून बाहेर आला.